एका नंबरची तीन कामं: पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्ट-लिंकचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावची पॅथॉलॉजी लॅब. मुख्य लॅब शहरात, चार कलेक्शन सेंटर आसपासच्या तालुक्यांत. दिवसाला सव्वाशे-दीडशे पेशंट. लॅबचं सॉफ्टवेअर आमच्या तिघांच्या टीमने केलेलं. हे प्रकरण घडलं तेव्हा, म्हणजे २०२४ च्या दसऱ्यानंतर, ते चालू होऊन अडीच वर्षं झाली होती. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

सॉफ्टवेअर यायच्या आधी लॅबमध्ये लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक पेशंटला नंबर मिळायचा: सेंटरचा कोड, तिरकी रेघ, आर्थिक वर्ष, तिरकी रेघ, मग अनुक्रमांक. १ एप्रिलला अनुक्रमांक परत एकपासून. आम्ही हा नंबर स्क्रीनवर दाखवण्यापुरता तसाच ठेवला आणि डेटाबेसमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा ऑटो-इन्क्रिमेंट आयडी घेतला, आपोआप एकेकाने वाढत जाणारा. सगळे हेच करतात, आणि डेटाबेसच्या आत ते चुकीचंही नाही.

पुढे पेशंटांना मोबाइलवर रिपोर्ट हवा, अशी मागणी आली. एका दुपारी ती सोय करून टाकली: लॅबचं डोमेन, पुढे 'रिपोर्ट', पुढे तो आयडी. रजिस्टरचा नंबर घातला नाही, कारण त्यातल्या तिरक्या रेघांनी पत्त्याचे तुकडे पडत होते. लॉगिन ठेवलं नाही, कारण सत्तरीच्या आजोबांना पासवर्ड कोण शिकवणार. दोन्ही निर्णय सुटे सुटे बघितले तर ठीकच होते. एकत्र ठेवल्यावर काय होतं, हे कुणी पाहिलं नाही. कोड मी लिहिला होता, तेव्हा 'कुणी' म्हणजे मीच.

अडचण

एका पेशंटच्या मुलाला वडिलांच्या रिपोर्टची लिंक आली. शेवटी ९७४१६. त्याने गंमत म्हणून ९७४१५ करून पाहिलं, तर समोर त्यांच्याच गल्लीतल्या एका बाईंचा रिपोर्ट, नाव-वय-मोबाइलसकट. दोघं एकाच सकाळी एकाच सेंटरवर रक्त द्यायला गेले होते, त्यामुळे नंबर शेजारी शेजारी पडले होते.

मुलगा शहाणा निघाला. त्याने काउंटरला फोन केला, "ताई, तुमच्या लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट दिसतो." ताईंनी अर्थ लावला की याला भलत्याचाच रिपोर्ट गेला. त्यांनी लगेच लिंक परत पाठवली आणि तक्रारवहीत लिहिलं: 'रिपोर्ट चुकीचा गेला. पुन्हा पाठवला.' ती नोंद मी नंतर पाहिली. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक त्याच जातीच्या असतात. दोन दिवसांनी मुलाने परत फोन केला आणि थेट लॅबच्या डॉक्टर मॅडमना मागितलं. मॅडमनी स्वतःच्या मोबाइलवर करून पाहिलं. रात्री साडेनऊला मला फोन आला. "तुम्ही आत्ता लॅपटॉपपाशी आहात का?"

हा प्रकार गावठी म्हणावा तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर हेच घडलं होतं. पत्त्यातला दस्ताचा नंबर एकाने वाढवा, पुढचा दस्त उघडतो. असे सुमारे ८८.५ कोटी दस्त उघडे पडले होते.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मॅडमना जास्त झोंबली. एक तारखेला एखादी साधी शुगर करून घ्यायची, तीस तारखेला परत करायची आणि दोन लिंकमधले नंबर वजा करायचे. महिन्याचे पेशंट हातात. समोरच्या चौकातल्या लॅबला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन रणगाड्यांचं उत्पादन याच वाटेने ताडलं होतं, हाती लागलेल्या रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०, नंबरांवरून काढलेला अंदाज ३२७, आणि युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत सापडलेला खरा आकडा ३४२. क्रमाने दिलेला नंबर असा बोलतो.

पहिली रात्र

पहिला निर्णय साडेनऊ ते दहाच्या मधला. लिंक बंद करायच्या की चालू ठेवून मागून दुरुस्ती करायची? बंद केल्या तर सकाळी काउंटरवर गर्दी होणार. चालू ठेवल्या तर रात्रभर कुणीही नंबर फिरवत बसू शकतो. मॅडम म्हणाल्या, "बंद करा. लोक ओरडतील, ओरडू देत." दहा वाजून पाच मिनिटांनी लिंकवर 'रिपोर्ट काउंटरवर मिळेल' अशी पाटी लागली.

मग सर्व्हरचे लॉग काढले, म्हणजे कुठून काय उघडलं गेलं याच्या नोंदी. एकाच आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट-पत्त्यावरून, ओळीने नंबर उघडले गेलेत का, हे बघायचं होतं. त्या मुलाचे तीन प्रयत्न दिसले, दुसरं काही नाही. पण लॉग चौदाच दिवसांचे होते. त्याआधीच्या अडीच वर्षांत काय झालं हे कधीच कळणार नाही, आणि मॅडमना मी तसंच सांगितलं. व्यक्तिगत डेटाबाबतचा कायदा २०२३ मध्ये झाला होता, पण त्याचे नियम अजून यायचे होते. कुणाला कळवायचं, कसं, याची ठरलेली वाट नव्हती. ज्या बाईंचा रिपोर्ट उघडला गेला त्यांना मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. तो फोन आठवडाभर पुढे ढकलला गेला असता तर तो कधीच झाला नसता, असं मला वाटतं.

पर्याय

दुसऱ्या दिवशी आमच्या टीमचं पहिलं वाक्य होतं, "यूयूआयडी टाकू." सगळ्या टीमचं पहिलं वाक्य हेच असतं. यूयूआयडी म्हणजे कुठेही पुन्हा येऊ नये असा ओळख-नंबर: १२८ बिटांचा आकडा, छत्तीस अक्षरांत लिहिलेला. चौथ्या प्रकारात त्यातले १२२ बिट निव्वळ यादृच्छिक. कुणी अंदाज करू शकत नाही, दोन ठिकाणी एकच निघण्याची भीती नाही, आणि सेंटरचं नेट गेलं तरी तिथल्या तिथे बनवता येतो. मी डेटाबेसच्या प्रतीवर प्रायमरी कीच, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ज्यावरून ओळखली जाते तो आयडीच, बदलून पाहिली. आयडीचा कॉलम छत्तीस अक्षरांचा मजकूर केला.

ही माझी दुसरी चूक. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच डिस्कवर मांडलेलं असतं. वाढत जाणारा आयडी असला की नवी ओळ शेवटी जाऊन बसते. यादृच्छिक आयडी असला की ती कुठेही मध्येच घुसते, भरलेलं १६ किलोबाइटचं पान फुटून दोन अर्धवट पानं होतात. शिवाय प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूचीत, प्रायमरी कीची प्रत असते. जिथे आठ बाइट लागतात तिथे छत्तीस लागायला लागले, तेही पाच इंडेक्समध्ये. प्रतीवरचा डेटाबेस बघता बघता फुगला. बाइनरी रूपात सोळा बाइटांत ठेवता आला असता, आणि मे २०२४ मध्ये मानक झालेला यूयूआयडीचा सातवा प्रकार घेतला असता तर सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदाच्या वेळेचे असल्याने क्रमही टिकला असता. तोही विचार झाला. पण खरा अडथळा डेटाबेसमध्ये नव्हताच.

अडथळा ट्यूबवर होता. जांभळ्या, लाल, राखाडी टोपणाच्या ट्यूबांवर ५० मिलिमीटर रुंदीचं स्टिकर लागतं, त्यावर कोड-१२८ पद्धतीचा बारकोड. छत्तीस अक्षरं म्हणजे ४३१ उभे भाग. आमच्या प्रिंटरवर मिलिमीटरला आठ ठिपके. प्रत्येक भागाला एकच ठिपका दिला तरी बारकोड ५४ मिलिमीटर झाला, आणि एक ठिपक्याच्या रेघा स्कॅनर गोलाकार ट्यूबवर वाचतही नाही. लॅबमधले टेक्निशियन दादा स्टिकर हातात घेऊन म्हणाले, "हे ट्यूबला लावायचं का बाटलीला गुंडाळायचं?"

दुसरा अडथळा एसएमएसचा. मराठी एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं चिन्ह प्रत्येक वेगळं मोजलं जातं. लॅबच्या डोमेनसकट पत्त्याचा पुढचा भाग २८ अक्षरांचा होता. त्यात छत्तीस मिळवले की ६४. उरलेल्या सहा अक्षरांत काय लिहिणार?

कुणीतरी हॅशआयडीज सुचवलं, ज्याचं आता स्क्विड्स असं नाव आहे. तोच चढता नंबर, पण अक्षरांचा वेश घालून. टेबलाला हात लावायला नको, म्हणून मोह झाला. पण तो वेशच आहे, कुलूप नाही. सेटिंग कळलं की उलट वाचता येतं, आणि ते बनवणारेच सुरक्षेसाठी वापरू नका असं सांगतात. सोडून दिलं.

लॉगिन किंवा प्रत्येक वेळी ओटीपी, हा सगळ्यात सरळ पर्याय. तो मॅडमनी नाकारला, आणि कारण आम्हाला टेबलावर बसून सुचलंच नसतं. पेशंट लिंक स्वतः क्वचितच वाचतो. तो ती व्हॉट्सअॅपवर आपल्या डॉक्टरांना पुढे पाठवतो. डॉक्टर ओपीडीत दोन पेशंटांच्या मधे ती उघडतात. तिथे ओटीपी मागितला तर डॉक्टर पुढच्या वेळी पेशंटला दुसऱ्या लॅबमध्ये पाठवतील. मग एकदाच उघडणारी लिंक? ती आम्ही खरंच बनवून पाहिली. व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवल्याबरोबर प्रिव्ह्यू बनवण्यासाठी अॅपनेच ती उघडली, आणि पेशंटच्या हाती मेलेली लिंक आली.

निर्णय

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर आम्ही एक साधं काम केलं. 'नंबर' हा शब्द लॅबमध्ये कोण कोण आणि कशासाठी वापरतं, ते लिहून काढलं. डेटाबेसला ओळी जोडायला नंबर लागतो. काउंटर, सेंटर आणि मशीनवरच्या माणसांना ट्यूब ओळखायला, फोनवर सांगायला लागतो. पेशंटला रिपोर्ट उघडायला लागतो. पहिला लहान आणि चढता हवा. दुसरा बोलता येण्याजोगा हवा. तिसरा कुणाला सुचता कामा नये. आम्ही तिघांना एकच नंबर पुरवायला निघालो होतो, आणि प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे अडत होता तो यामुळे.

डेटाबेसचा आयडी जसा होता तसाच राहिला. फक्त तो इमारतीबाहेर जाणार नाही असं ठरलं: पत्त्यात नाही, छापील कागदावर नाही, एक्सेलमध्ये नाही.

लिंकसाठी वेगळा कॉलम केला. सोळा अक्षरांचं टोकन, बत्तीस चिन्हांच्या संचातून, सुरक्षित यादृच्छिक स्रोतातून काढलेलं. सोळाच का? प्रत्येक चिन्हाचे पाच बिट, एकूण ८० बिट. एका वेळी दहा लाख लिंक चालू आहेत असं धरलं आणि कुणी सेकंदाला हजार अंदाज मारत बसला, तरी एक लिंक लागायला सरासरी सुमारे पावणेचार कोटी वर्षं लागतील. आणि मुख्य म्हणजे २८ अधिक १६ म्हणजे ४४, राहिली २६ अक्षरं. 'आपला रिपोर्ट तयार आहे' यात मोजून एकवीस अक्षरं आहेत. बसलं.

तरी टोकन म्हणजे किल्ली, आणि किल्ली फॉरवर्ड होते. यूयूआयडीच्या मानकातसुद्धा बजावलेलं आहे की हे ओळखण्यासाठी आहे, सुरक्षेसाठी यावर विसंबू नका. म्हणून लिंक तीस दिवस उघडी, नंतर ओटीपी. एचआयव्हीसारख्या तपासण्यांना लिंकच नाही, त्यांचे रिपोर्ट काउंटरवरच. तीस दिवसांच्या आकड्यावर मी हरलो. मला सात हवे होते. मॅडम म्हणाल्या, "आमचे पेशंट रिपोर्ट घेऊन पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे जातात, बाजाराच्या दिवशी." आजही मला तीस जास्त वाटतात.

ट्यूबचा नंबर

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि योग्यच गेला. जुना रजिस्टर नंबर अर्थाने भरलेला होता, तीच त्याची खोड. एक सेंटर दुसऱ्या गावी हलवलं तरी कोड जुनाच. वर्ष सोडून नंबर सांगायची सगळ्यांना सवय, त्यामुळे गेल्या वर्षीचा ४५७ आणि यंदाचा ४५७ एकमेकांत अडकायचे.

नवा नंबर निव्वळ दहा आकडी. अक्षरं मुद्दाम टाळली, कारण सेंटरच्या याद्या एक्सेलमध्ये येतात आणि एक्सेलला ४ई१२ असा कोड दिसला की तो चारावर बारा शून्यं समजतो. (जनुकांची नावं एक्सेल तारखांमध्ये बदलतं म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावं बदलली, तिथे आमची काय कथा.) सुरुवातीला शून्य नको, तेही एक्सेलमुळेच. नऊ आकडे नंबराचे, दहावा तपासणीचा.

तपासणी आकड्यासाठी आधी लून पद्धत घेणार होतो, बँकेच्या कार्डांवर असते ती. पण ती शेजारचे दोन आकडे उलटे झालेले बहुतेकदाच पकडते. ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही. आणि उलटे आकडे हे तर मराठी फोनवरचं रोजचं दुखणं. ताई सेंटरला नंबर सांगतात जोडीने: "त्र्याहत्तर, अडुसष्ट..." ऐकणारा कानावर पडेल तसं टाकतो, त्र्या म्हणजे तीन, हत्तर म्हणजे सात, झाले ३७. एकोणसाठचे ६९ झालेले मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून व्हेरहोफ पद्धत घेतली. डच गणिती याकोबस व्हेरहोफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एक आकडा चुकला तरी पकडते आणि शेजारचे दोन उलटले तरी, प्रत्येक वेळी. आधार क्रमांकाचा बारावा आकडा याच पद्धतीचा असतो.

नंबर सर्व्हर देत नाही. छापून आणलेल्या स्टिकरच्या रोलवरच तो असतो, एकेका नंबरची चार स्टिकरं: तीन ट्यूबांना, एक फॉर्मला. प्रत्येक सेंटरला वेगळे रोल. नेट असो वा नसो, स्टिकर सोलायचं आणि लावायचं. निव्वळ आकडे असल्याने कोड-१२८ दोन आकडे एका चिन्हात बसवतो; जाड, दोन ठिपक्यांच्या रेघांनीही बारकोड साडेबावीस मिलिमीटरमध्ये आला. दादांनी पहिला रोल बघून मान हलवली, बोलले काही नाहीत.

जवळजवळ झालेली चूक

जुन्या लिंकचं काय? अडीच वर्षांच्या छापील रिपोर्टांवर क्यूआर कोड होते, जुन्या पत्त्याचे. वेबवरचा चांगला रिवाज असा की पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळवून द्यायचं. माझ्या सहकाऱ्याने तेच लिहिलं: जुना नंबर आला की त्याचं टोकन शोधा आणि तिकडे पाठवा. मी वाचलं, ठीक वाटलं, मंजूर केलं.

नव्या लिंक चालू करण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातली तिसरी, जी मुख्यतः स्क्रीन बनवते, सहज चाचणी करत होती. तिने ९७४१५ टाकलं. पान वळलं आणि ब्राउझरच्या पट्टीत सोळा अक्षरांचं टोकन उभं राहिलं. "दादा, हे तर नंबर टाकला की किल्लीच हातात देतंय," ती म्हणाली. आठवडाभराचं काम त्या एका ओळीने वाया गेलं असतं. आता जुना पत्ता कुठेही वळत नाही. कोणताही नंबर टाका, एकच पान येतं, मोबाइल नंबर विचारतं आणि ओटीपी पाठवतं. नंबर अस्तित्वात आहे की नाही, हेही ते सांगत नाही.

परिणाम

लिंक नऊ दिवस बंद होत्या. काउंटरवर गर्दी झाली, दोन डॉक्टरांनी नाराजी कळवली, पेशंट फार काही बोलले नाहीत. सेंटरवरून चुकीचा नंबर टाकला गेला की स्क्रीन तिथेच लाल होते. आधी ती चूक ट्यूब मशीनवर चढल्यावर कळायची. एसएमएस एका मेसेजमध्ये जातो.

एक नवा घोळ आम्हीच केला. दहा आकडी नंबर आणि मोबाइलही दहा आकडी. पहिल्या रोलचे नंबर ७ पासून सुरू होणारे होते, आणि शोधायच्या चौकटीत ताई नंबर टाकायच्या तर सॉफ्टवेअर मोबाइल समजून भलताच पेशंट शोधायचं. आपल्याकडचे मोबाइल ६ ते ९ ने सुरू होतात. पुढचे रोल २ ते ५ ने सुरू होणारे छापले. पहिला रोल संपेपर्यंत ताईंनी चौकटीवर चिठ्ठी चिकटवली होती.

आज करायचं झालं तर

टोकन असो वा नंबर, समोरच्याला हा रिपोर्ट बघायचा हक्क आहे का, ही तपासणी कोडमध्ये पहिल्या दिवशी असायला हवी होती. आयडी कितीही चांगला निवडला तरी तो त्या तपासणीची जागा घेत नाही, आणि आमचे पहिले दोन दिवस आयडीच्या प्रकारावर वाद घालण्यात गेले. फळ्यावरची यादी आधी करायला हवी होती. लॉग चौदा दिवसांऐवजी आता सहा महिने ठेवतो. तक्रारवहीतल्या नोंदी आठवड्याला एकदा आमच्यापैकी कुणीतरी वाचतं. बहुतेक नोंदी प्रिंटरच्या असतात.

त्या मुलाला मॅडमनी लॅबमध्ये बोलावून घेतलं होतं. वडिलांची वर्षभराची शुगर फुकट करून देते म्हणाल्या. तो म्हणाला, ते नको, पण वडिलांचे जुने रिपोर्ट मिळतील का, कागद हरवलेत. लाल रजिस्टर काढावं लागलं. नंबर त्याला माहीत नव्हता. ताईंनी नाव आणि महिना विचारला, आणि पाच मिनिटांत पान काढून दिलं.